खडूच्या रेघेपुढचा बर्फ

पंचवटी, नाशिक
९ मार्च १९८४

आदरणीय मल्हारीकाका,
सादर नमस्कार.

तीन वर्षांत एक ओळही न पाठवणाऱ्या मुलीने आज पत्र लिहावे हे धाडसच आहे. त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. आपण मशीन चालवत होता त्या पिंपळगावच्या बर्फ कारखान्यातील कारकून गोटीरामअण्णांची मी मुलगी, नवसा. आता तंत्रनिकेतनात तिसऱ्या वर्षाला आहे. आपण सटाण्यात पंपांच्या मोटारी दुरुस्त करता, असे नाथा हमालाकडून समजले. चांगुणाकाकूंच्या गुडघ्यांना उतार पडला का?

गेल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर शीतयंत्राची आकृती काढली आणि विचारले, "कॉम्प्रेसरकडे वायूऐवजी द्रव परत आला तर काय होईल?" उत्तर मला येत होते, तरी हात वर गेला नाही. कानांत आपलेच शब्द घुमत होते : "पोरी, गॅससंगं तेलबी भाईर जातं. ते काढून, मोजून, पुन्ना भरायचं. पन गॅस पातळ होऊन माघारी आला, की आतलं तेल धुऊन निघतं अन् मशीन कोरडी पडती. पातळ काय दाबलं जात नाय, मग पिस्टन फुटतो."

मशीनघराच्या उंबऱ्यावर बसून मी दहावीचा अभ्यास केला. यंत्राच्या ठोक्यांवर सनावळ्या पाठ केल्या. आपण रोज काढलेले काळे तेल बाटलीत घेऊन उन्हात धरायचे आणि मला आकडा लिहायला सांगायचे. आपल्या खिशात नेहमी खडू असे. परतीच्या पाइपावर आपण त्याने एक रेघ ओढली होती. पांढरा बर्फ रेघेच्या अलीकडे असला तर सारे ठीक; पुढे सरकला तर गॅस पातळ होऊन मशीनकडे येतो आहे असे समजायचे. तेवढ्या सुखाचे दिवस मला पुन्हा लाभले नाहीत.

अजूनही मूळ गोष्टीभोवतीच फिरते आहे. आता लिहिते.

त्या दुपारी आपण अंगणापलीकडे लिंबाखाली हमालांबरोबर भाकरी खायला बसलात. जाताना म्हणालात, "बर्फ रेघेम्होरं सरकला तर ह्यो वाल्व दोन आटे आवळ अन् मला हाळी दे." बर्फ सरकला. मी पाहिला, काका. पुस्तकात गुंग होते, हे मी अण्णांना सांगितले ते खोटे होते. वाल्ववर हातही ठेवला. पण चुकीच्या बाजूला फिरला तर, म्हणून काढून घेतला. हाक मारायला दारात आले, तर नाथा ओरडला, "आल्या बघा मास्तरीनबाई, आता आम्हाला पाढे म्हनाया लावत्यात!" सारे हसले. आपण वर पाहाल म्हणून मी वाट पाहत उभी राहिले. मग आत दगड कुटल्यासारखा आवाज झाला.

कारखान्याच्या मालकांनी, शेठांनी, विचारल्यावर आपण म्हणालात, "मी जेवाया गेलो व्हतो. चूक माजी." माझे नाव घेतले नाही. मी तालुक्यात पहिली आले, आणि "मल्हारीनं मशीन फोडलं" एवढे बोलणे साऱ्या परिसरात पोहोचले. त्यानंतर आपल्याला कोणत्याही कारखान्याने दारात उभे केले नाही.

मागच्या रविवारी मी पिंपळगावला गेले. शेठांना चिठ्ठी लिहिणे सोपे होते, म्हणून लिहिली नाही. दुपारी लिंबाखाली सारे जेवत असताना शेठांना बाहेर बोलावले आणि जे घडले ते मोठ्याने सांगितले. आवाज फाटला. या वेळी कोणी हसले नाही. अण्णा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. शेठांनी चपलेने माती उकरली आणि म्हणाले, "मल्हारी परत येईल का, विचार."

म्हणून विचारते आहे. आपण नाही म्हणालात तरी तो आपला अधिकार आहे. नव्या यंत्राच्या पाइपावर रेघ नाही. खडू माझ्याजवळ होता, पण ती ओढण्याचा हक्क मला आहे असे वाटले नाही.

काकूंना नमस्कार.

आपली अपराधी,
नवसा

(माझ्याजवळ ठेवलेल्या नकलेवरची नोंद) पत्र पंचवटी टपाल कचेरीच्या पेटीत स्वतःच्या हाताने टाकले : शनिवार, १० मार्च १९८४, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे.