रोवण्याची फिल्म

आई, "माहा फोटो काढाल तं मी जेवनार नाई," असं तू मामाच्या लग्नात म्हणाली होतीस आणि खरंच पंगतीतून उठून गेली होतीस. फोटोवाला ओशाळला, बाबा चिडले. परतताना मी कारण विचारलं, तर म्हणालीस, चेहरा आपला असते, तो दुसऱ्याच्या घरी काऊन ठेवाचा? मी चौथीत असताना तू गेलीस, तेव्हा हार घालायला तुझा एकही फोटो निघाला नाही. आता तुझा चेहरा आठवायचा तर मला मावशीच्या हनुवटीपासून सुरुवात करावी लागते.

मागच्या महिन्यात सिंदेवाहीला एका मुलीने शेतीच्या जुन्या मूक फिल्मा दाखवल्या. ती त्या गोळा करते आणि त्यातली माणसं कोण, हे गावोगाव विचारत फिरते. मावशीला मीच घेऊन गेले होते. काळ्या-पांढऱ्या बांधीत बायका वाकून धानाची रोपं, पऱ्हे, रोवताहेत. रोवणा चालू असताना कोणी परका बांधावर आला, की त्याच्या पायाशी पऱ्ह्यांची पेंडी ठेवून वाट अडवायची, काही दिल्याशिवाय सोडायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तशी एक पोरगी पेंडी घेऊन थेट कॅमेऱ्याकडे येते. लुगडं खोचलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल. मान मागे टाकून हसते, काहीतरी बोलते. मावशीने माझं मनगट घट्ट धरलं. "तुही माय होय वं." फिल्मला आवाज नाही, पण मावशी तेव्हा तुझ्या मागेच उभी होती. तू कॅमेरावाल्याला म्हणाली होतीस, "डब्ब्यात तोंड काऊन लपवतेस, साहेब? बायायले भेतेस का?"

मी हसले. मावशी हसली नाही. पुढचं तिने बसमध्ये सांगितलं. त्या हिवाळ्यात तीच फिल्म गावात आणून, दोन खांबांना चादर बांधून दाखवली. तू हसलीस तशा पोरांनी शिट्ट्या मारल्या, पुन्हा लावा म्हणाले, आणि दाखवणाऱ्याने पुन्हा लावली. आजोबा उठून गेले. उन्हाळ्यात तुझं लग्न उरकलं, जे स्थळ पहिलं आलं त्याच्याशी. म्हणजे बाबांशी. म्हणजे त्या शिट्ट्या नसत्या तर मी नसते, आई.

ती मुलगी आता ही फिल्म चंद्रपूरला मोठ्या पडद्यावर दाखवणार आहे, पण घरच्यांनी होकार दिला तरच. घरची म्हणजे मी. मावशी म्हणते, "नोको दाखवू. एकदा पाह्यलं लोकायनं, पुरे झालं." मी स्वतःला समजावते की आता कोणी शिट्ट्या मारणार नाही, लोक आदराने बघतील. पण आदराने बघितलं तरी ते तुला न विचारताच. आणि मी तरी काय करते? तिने फोनवर पाठवलेला तुकडा मी रोज बघते, भाजी चिरताना, बसस्टॉपवर. तिथे तू माझ्या लेकीपेक्षा लहान आहेस. तुला आई म्हणायला जीभ अडखळते.

खरं सांगायचं तर तुझा सन्मान वगैरे माझ्या मनात नाही. शाळेत, लग्नात, कुठेच मला कोणाला सांगता आलं नाही की बघा, ही माझी आई. तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी मागते. एकदाच, भरल्या सभागृहात, मला तुझ्याकडे बोट दाखवू दे.