न झिजणारा ठोकळा

३ जून
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. निदान माझा पुतळा उभा राहीपर्यंत तरी.
ॲल्युमिनियम काढायचं म्हणजे भट्टीत कोळशाचा ठोकळा बुडवून वीज सोडायची. धातू खाली बसतो, ठोकळा झिजतो, धूर होतो, दुसरा ठोकळा आणा. जग अजून हेच करत बसलंय. माझा तांब्या-लोखंडाच्या मिश्रधातूचा ठोकळा झिजणार नाही, आणि धुराऐवजी निघेल ऑक्सिजन. डायरेक्टरसाहेबांनी एक भट्टी दिली. ठोकळा टिकला तर कोळसा विभाग बंद. नाही टिकला तर आमचा संशोधन विभाग बंद.
कोळसा विभागाची प्रमुख आमची ही.

४ जून
हिला सांगितलं. वाटलं, रडेल. शेंगा सोलता सोलता "बरं" म्हणाली. बिचारीला अजून धक्का जाणवलेला नाही.
संकल्प: तिला माझ्या हाताखाली घ्यायचं. आवाज चढवायचा नाही.

११ जून
ठोकळा सोडला. झकास. भट्टीच्या चुंबकत्वाने घड्याळ बंद पडलं, त्यामुळे इतिहास किती वाजता घडला ते कळलं नाही.
फोरमन विचारत होता, कोळशाचे चार ठोकळे जवळ असू देत का. अपशकुनी माणूस. हाकलला.
खुर्ची टाकून भट्टीशेजारी ऑक्सिजन घेतला. ताजंतवानं वाटलं. संध्याकाळी डॉक्टरकडे. तो म्हणतो, खोकला धुळीचा. माझ्या मते शुद्ध हवेची सवय नाही.

१८ जून
धातूचं वजन हिशेबापेक्षा जास्त भरलं! साहेबांना लगेच कळवलं. लॅबवाल्या बाई म्हणतात, त्यात तांबं आणि लोखंड निघालं. भांडी धुतली नसतील. लोकांना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

२१ जून
ठोकळा किंचित सडपातळ वाटतो. फोरमन म्हणाला, "साहेब, विरघळतोय तो." त्याला समजावलं की तो स्थिरावतोय. वजन आणखी वाढलं.

२४ जून, दुपारी
ठोकळा वर घेतला. नुसता टांगायचा दांडा आला. दांडा मात्र उत्तम स्थितीत आहे.
ठोकळा नाही म्हणजे वीज नाही; भट्टी गार व्हायला लागली. पूर्ण गार झाली की आतला माल दगड होतो, मग घणाने फोडायची. हिला फोन केला. हातापाया पडलो नाही, थोडा वाकून बोललो इतकंच. आणि फोनवर वाकलेलं दिसत नाही.
ती म्हणाली, "सकाळीच ठोकळ्यांची गाडी भरून ठेवलीय. गेट उघडायला सांगा."

३० जून
भट्टी वाचली. संशोधन विभाग बंद. आमची खोली कोळसा विभागाला मिळाली, ठोकळे ठेवायला.
खचायचं नाही. नवी दिशा सुचली आहे. न झिजण्याचा हट्टच चुकीचा. भविष्यातला ठोकळा खुशाल झिजावा, पण धातूत उतरू नये. स्वस्त असावा, वीज वाहावी, संपला की दुसरा लावता यावा. असा पदार्थ शोधायला दहा वर्षं तरी लागतील. जेवताना हिला सगळं सविस्तर सांगितलं. तिने मला आमटी वाढली.
मग म्हणाली, "उद्या सकाळच्या पाळीला या. जुने कपडे घाला, काळे होतात."