डाव्या हाताचा चेंडू

आई, तुझ्या नातीच्या खेळाला फुटबॉल म्हणतात आणि तो हातानं खेळतात. हे ऐकून तू तोंडाला पदर लावून हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "मग पायांनी काय घोडं मारलंय?" रियाधमध्ये आमच्या वसाहतीत, शुक्रवारी असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, नमाज आटोपली आणि ऊन कललं की, प्लास्टिकच्या हिरव्या गवतावर पाच-पाच मुलींचे दोन संघ उतरतात. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. प्रत्येकीच्या कमरेला कापडी पट्ट्या असतात. चेंडू घेऊन पळणारीची पट्टी कुणी खेचली की खेळ तिथेच थांबतो. प्रत्येक वेळी चेंडू आधी एकीच्याच हाती येतो, आणि तो कुणाकडे, केव्हा, किती उंच फेकायचा हे ती ठरवते. तिला क्वार्टरबॅक म्हणतात. तुझी नात क्वार्टरबॅक आहे, आणि ती डावरी आहे. तुझ्यासारखी.

एका डाव्या हातामुळे अख्ख्या संघाला केवढा व्याप होतो, हे मला ठाऊक नव्हतं. उजव्या हातानं फेकलेला चेंडू एका दिशेनं गिरक्या घेतो, हिच्या हातून सुटलेला नेमक्या उलट दिशेनं, आणि हातांत येता येता सवयीच्या विरुद्ध बाजूला कलतो. झेलणाऱ्या मुलींच्या बोटांवर आपटून चेंडू खाली पडत होते. शिवाय उजव्या हाताची मुलगी फेकण्यापूर्वी उजवीकडे धावते, म्हणून संघाच्या साऱ्या चाली उजवीकडे झुकलेल्या. ही धावते डावीकडे, आणि उजवीकडून अंगावर येणारी प्रतिस्पर्धी हिच्या पाठीमागे राहते, दिसतच नाही. तू मला ओळखतेस; सदोष वस्तू समोर पडलेली मला बघवत नाही. मी ऑफिसातल्या नकाशांइतक्या काटेकोरपणे सगळ्या चाली आरशात दिसाव्यात तशा उलट्या काढल्या, रंगीत छापल्या आणि प्रशिक्षक बाईंना दिल्या. दुसऱ्याच चालीत दोन मुली एकमेकींवर आदळल्या. बाई लेबनॉनच्या, जिभेनं तिखट. तोंडातली शिट्टी काढून म्हणाल्या, "या मुहंदिस, कागद तुम्ही उलटा केलात. मुलींना कोण उलटं करणार?" 'या मुहंदिस' म्हणजे 'अहो इंजिनिअर', इथे आदरानं म्हणतात, त्या दिवशी तसं वाटलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. दोन-तीन चाली बदलू, बाकी मुलींनी रोज हिचे चेंडू झेलावेत, हात आपोआप शिकतील. सामना पंधरा दिवसांवर होता आणि 'आपोआप' या शब्दावर माझा कधीच विश्वास नव्हता.

घरी परतताना ती म्हणाली, "सब ड्रॉप कर रहे हैं, बाबा. मेरी वजह से." मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती हिंदीत नाहीतर इंग्रजीत उत्तर देते, तेही मला खुपतं, पण ते असो. मी म्हणालो, "उजव्या हातानं फेकायला शिकलीस, तर चौघींचा प्रश्न तू एकटी सोडवशील." वाक्य बांधेसूद होतं. मला ते आवडलंही. ती समोर बघत म्हणाली, "ओके."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरामागच्या भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता. मी दार उघडलं. तुझी नात उजव्या हातानं चेंडू फेकत होती. तो भिंतीपर्यंत जेमतेम पोचत होता, कधी पोचतही नव्हता. एरवी बाणासारखा चेंडू सोडणारी माझी मुलगी खांदा अवघडून, ओठ दाताखाली धरून, पुन्हा पुन्हा तो उचलून आणत होती. आणि मला नाशिकचं आपलं स्वयंपाकघर दिसलं. तू विळीवर सगळ्यांच्या उलट बसतेस, पळी, झारा, मीठ सगळं ओट्याच्या डावीकडे. मदतीला आलेली काकू कुरकुरते आहे, "हिच्या ओट्यावर काम करणं म्हणजे आरशात बघून दुसऱ्याची वेणी घालणं!" मी अकरा वर्षांचा आहे. स्कॉलरशिप मिळाली म्हणून आपण गणिताच्या सरांना जेवायला बोलावलं आहे. तू डाव्या हातानं आमटी वाढते आहेस, थेंबही न सांडता, आणि मी सरांदेखत म्हणतो, "आई, उजव्या हातानं वाढ. डाव्या हातानं वाढत नाहीत." सर म्हणतात, "अरे, आमटीला कुठे कळतंय?" पण तू पळी उजव्या हातात घेतेस, आणि आमटी सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडते.

"जस्ट ट्राइंग," तुझी नात ओशाळून म्हणाली.

"डाव्यानं टाक. मी झेलतो."

"आपसे नहीं होगा, बाबा."

"टाक म्हटलं ना."

पहिला चेंडू माझ्या चष्म्यावर बसला. "हाथ इतनी जल्दी बंद मत करो!" ती ओरडली आणि पोट धरून हसली. मग ती शिकवत राहिली आणि मी, आयुष्यात प्रथमच वाटतं, न बोलता शिकत राहिलो. चार दिवसांनी संघातल्या मुलीही आमच्या मागच्या अंगणात येऊ लागल्या. सामना आम्ही हरलो. मात्र शेवटच्या चालीत ती डावीकडे पळाली, प्रतिस्पर्धी मुली सवयीनं उजवीकडे गोळा झाल्या, आणि डावीकडची मुलगी मोकळी उभी होती. चेंडू तिच्या छातीशी अलगद येऊन थांबला. उजव्या हाताला ते जमलं नसतं.

आई, हा कागद कुठेच जायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहितो. सर जेवून गेल्यावर, भांडी आवरून झाल्यावर, तू स्वयंपाकघरात एकटीच बसली होतीस. समोर पाण्यानं भरलेलं पातेलं आणि चार रिकाम्या वाट्या. उजव्या हातात पळी धरून तू वाट्या भरत होतीस, पुन्हा पातेल्यात ओतत होतीस, सांडलेलं पदरानं टिपत होतीस. मी दारात उभा होतो. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. आई सुधारते आहे, असं मला वाटलं, आणि मी समाधानानं, पाय न वाजवता, परत अभ्यासाला जाऊन बसलो.