जावईबापूंचं पॅकेज

तीर्थस्वरूप पिंटूभाऊजी यांच्या पायाशी, आर्णीहून एकुलत्या एका साळ्याचा, म्हणजे नयनचा, वाकून नमस्कार.

इकडे आईबाबा सुखरूप आहेत. तिकडे यवतमाळात आपण, दिपालीताई आणि आपली नवी फिरती खुर्ची खुशाल असाल असं गृहीत धरतो. गृहीत धरावं लागतं, कारण आपण फोन उचलत नाही. बाबांच्या मते जावई मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांना कामं असतात. (ताईच्या मते फोन उशीखाली असतो आणि उशीवर आपण असता. पण ती पडली माहेरची, तिची साक्ष आम्ही धरत नाही.) प्रोजेक्टच्या पानावर मी टाकलेल्या तक्रारी आपण वाचत नाही, मेल उघडत नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "जवायाले असं चारचौघांत कॉम्प्युटरवर बोलू नये. कागद घे, मानानं लिही." म्हणून हा कागद.

मोठ्या माणसांना बारीकसारीक गोष्टी लक्षात राहत नाहीत, म्हणून मुळापासून सांगतो. कॉलेजात असताना मी 'पंचांगी' नावाचं एक छोटं पॅकेज लिहिलं. तारीख दिली की ते तिथी, सण आणि लग्नाला चालणारे महिने सांगतं. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही फुकट न्यावं, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडावं आणि बिघडलं की मला शिव्या द्याव्यात. लग्नपत्रिका छापणारे ते वापरतात, मंगल कार्यालयांची बुकिंगची सॉफ्टवेअरं वापरतात, कुठली कुठली देवस्थानं वापरतात. सगळं बरं चाललं होतं. मग आपलं लग्न झालं. भर पंगतीत आपण पानावरून उठलात आणि रुसून मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिलात. जावयानं रुसावं ही रीतच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. लोकांचे जावई अशा वेळी अंगठी मागतात, घड्याळ मागतात. आपण मागितलंत की आपलं 'महिनामोजणी' हे पॅकेज माझ्या 'पंचांगी'त डिपेंडन्सी म्हणून घ्यावं, म्हणजे कोणता महिना अधिक आहे हे इथून पुढे माझ्या पॅकेजनं आपल्या पॅकेजला विचारावं. बाबांना यातलं एक अक्षर कळलं नाही, पण सोनं लागत नाही एवढं कळलं. ते म्हणाले, "घे नं बापा, आपलं काय जाते?" मी घेतलं, आपण जेवलात, वऱ्हाडी टाळ्या वाजवून मोकळे झाले.

तेव्हापासून, भाऊजी, आपलं पॅकेज आमच्याकडे अगदी जावयासारखं राहिलं. काम थोडं, मान मोठा, आणि कधी काय मनात येईल याचा नेम नाही. एकदा आपण त्यातल्या सगळ्या महिन्यांची स्पेलिंगं बदललीत आणि कळवलं नाहीत; देवस्थानवाले मला विचारत होते की श्रावण गेला कुठे. तेही पोटात घातलं. मग यंदाच्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ आला. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, त्यात लग्नकार्य होत नाही, मात्र जावयाला सासरी बोलावून धोंड्याचं जेवण घालतात आणि वर अनारशांचं वाण देतात. आपण आलात, जेवलात, डबा भरून अनारसे नेलेत आणि जाताना आईला म्हणालात की हा महिना फार उशिरा उशिरा येतो. आम्ही हसलो. पण पावसाळ्यात आपल्या पॅकेजची नवी आवृत्ती आली, तिच्यात अधिक महिना दर वर्षी येतो, येत्या वर्षी वैशाखात. मी याला चूक म्हणत नाही. मी याला दृष्टी म्हणतो. आकाशातल्या चंद्रसूर्यांना जे इतकी वर्षं जमलं नाही, ते आपण एका दुपारी बसून करून दाखवलंत.

शहाणा माणूस अशा वेळी जुनी आवृत्ती पकडून बसतो. मीही बसणार होतो, पण दिवाळी आली. दिवाळीला लोक माळा झाडतात, जुन्या चपला फेकतात. आपण जुन्या आवृत्त्या पुसून टाकल्यात. (आपला खुलासा वाचला: "जुनं घरात ठेवू नये." फार सुंदर विचार आहे. आपण पुढे विहिरी उपसायला घेतल्यात तर जुनं पाणीही फेकाल.) दुसरा मार्ग होता आपल्या पॅकेजची नक्कल करून, ती दुरुस्त करून वापरायचा. त्याला कायद्याची हरकत नाही, पण आईची आहे. ती म्हणाली, "कायदा मले नको शिकवू. जवायाचं काढून आपलं लावलं, तं दिपालीनं तिकडं तोंड कसं दाखवावं?" यावर जगातल्या कुठल्याही ओपन सोर्स परवान्यात उत्तर नाही.

एवढ्यानंही मी पत्र लिहिलं नसतं. पण माझं लग्न ठरलं आहे, हे आपल्याला ताईनं सांगितलं असेल. मुलगी पांढरकवड्याची, समीक्षा नाव, कॉम्प्युटरमधलीच आहे. वैशाखातली तारीख काढली आणि मी आर्णीतल्या उत्तमसिंगांच्या मंगल कार्यालयात गेलो. त्यांनी वही कधीच बंद केली आहे, सगळं बुकिंग सॉफ्टवेअरवर. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. अख्खा वैशाख राखाडी. "अधिक मास, मंगलकार्य नाही." मी त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं, भटजींना फोन लावून दिला, शेवटी लाज सोडून सांगितलं की तारखा सांगणारं ते पॅकेज मीच लिहिलेलं आहे. त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, "मंग तुमीच तं नाही म्हनून राह्यले नं भाऊ. आता कायले फिरून राह्यले?" यावर काय म्हणावं, भाऊजी? आपल्याला सुचलं तर कळवा. परवा गावात तुळशीचं लग्न लागलं, तेही ती कार्यालयात गेली नाही म्हणून.

दुसरं कार्यालय पाहावं तर तिथंही तेच सॉफ्टवेअर, म्हणजे तिथंही मी आणि माझ्या आत आपण. तारीख पुढे ढकलावी तर वैशाखानंतर समीक्षाला हैदराबादला ट्रेनिंगला जायचं आहे, ते वर्षभराचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फोनवर म्हणाली, "ज्याले एक पॅकेज काढता येत नाही, त्यानं संसार कायले मांडावा? वैशाखाच्या आत भाऊजी निघाले पायजे, नाही तं मी निघते." ती चिडलेली नव्हती. म्हणूनच मी घाबरलो आहे, हे आपल्यापासून लपवत नाही. मुलगी मला मनापासून आवडते आणि ती बोलेल ते करेल.

तरी विनंती एवढीच की दुरुस्ती मी करून पाठवली आहे. एका ओळीची आहे. ती आपल्या पॅकेजच्या पानावर आपली वाट पाहत पडून आहे. आपण फक्त मंजुरीचं हिरवं बटण दाबायचं. बोट दुखत असेल तर ताईकडून दाबून घ्यावं. चूकभूल पोटात घालावी, लोभ आहेच, तो अधिक महिन्यापुरता नसावा.

आपला आज्ञाधारक,
नयन

ता. क. पत्र बंद करत असताना आई चहा घेऊन आली आणि काय लिहिलं ते वाच म्हणाली. वाचलं. तिला आतापर्यंत वाटत होतं की पॅकेज म्हणजे जावयांनी लग्नात दिलेली एखादी वस्तू आहे. तिनं विचारलं, "म्हनजे दरसाली अधिक? दरसाली तांदूळ भिजवा, कुटा, पीठ मुरवा, अनारसे तळत बसा?" मी हो म्हणालो. तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "जवाई डोक्यावर, पन इतके नाही. काढ ते." मी तिच्या देखत काढलं. उत्तमसिंगांकडचा वैशाख उघडला, तारीख मिळाली. तेव्हा बटणाचं राहू द्या, बोटाला आराम द्या.

ता. क. दुसरं. मग पत्र कशाला पाठवतो, असं आपण म्हणाल. त्याचं असं आहे की लग्नाच्या धामधुमीत 'पंचांगी'कडे बघायला कोणीतरी हवं. रोज मेल येतात. एक गृहस्थ दर एकादशीला भांडतात. मी बऱ्याच जणांना विचारलं. वापरायला सगळे आहेत, सांभाळायला कोणी नाही, आणि इतकी वर्षं हे एकट्यानं करून मी खरंच थकलो आहे. या जिल्ह्यात माझ्याशिवाय हे कोड ज्यानं निदान एकदा उघडून वाचलं आहे, असा माणूस एकच, आणि ते आपण. म्हणून 'पंचांगी'चे सगळे अधिकार आजपासून आपल्या नावे केले आहेत. सांभाळा. समीक्षाला यातलं काही सांगितलेलं नाही. ताईलाही बोलू नका, त्या दोघींचं रोज बोलणं होतं.