फोल्डरसकट

२ एप्रिल २०२५, बुधवार

माउस भिंतीवर फेकून मारला. दोन तुकडे. श्रेया दारातच उभी होती. उलट पावली आत गेली. सात वर्षांची पोरगी बापाला बघून उलट पावली जाते!

म्हणून लिहितोय. करुणाची अट आहे. जानेवारीत स्वयंपाकघरात मी तिच्या थोबाडीत मारली. कारण काहीच नव्हतं, "जरा हळू बोला" एवढंच म्हणाली होती ती. श्रेयाला घेऊन सोयगावला माहेरी गेली, महिन्यानं आली. येताना ही वही आणली आणि दोन गोष्टी सांगितल्या. हात शिवशिवला की आधी वहीत लिहायचं. आणि पुन्हा हात उचललात तर मी जाईन, सांगायलाही थांबणार नाही. "फक्त माझ्यावर नाही, कुणावरही," असं म्हणाली. वही ती वाचणार नाही, हेही कबूल केलंय.

तर, माउस. सोयगावच्या रक्तदाता मंडळाला मी यादीचा एक प्रोग्रॅम करून दिलाय. कोणाचा रक्तगट काय, गाव कोणतं, फोन नंबर. करुणाचा भाऊ आकाश ते सांभाळतो. तीन वर्षं गावोगाव फिरून त्यानं एकेक नाव भरलंय. चौदा एप्रिलला जयंतीचं मोठं शिबिर आहे, त्याच्या आत नवीन आवृत्ती द्यायचीय. प्रोग्रॅम तयार आहे, नुसता सेटअप बनवायचा. म्हणजे आकाशनं एक फाईल उघडायची, "पुढे, पुढे, झालं" दाबायचं, बाकी सगळं आपोआप जागेवर बसलं पाहिजे. त्यासाठी माझ्याकडे पॅकेजर आहे. एक ओळ लिहावी लागत नाही. खिडकीत फायली ओढून टाका, आयकॉन निवडा, चार चौकटींत टिक करा, खाली "बनवा" दाबा. पोरखेळ.

सहा वेळा बनवला आणि सहा वेळा माझ्याच मशीनवर टाकून पाहिला. प्रत्येक वेळी आधीच्या चाचणीचं काहीतरी मागं उरतं आणि नव्याच्या पायात येतं. सहाव्यांदा माउस गेला.

३ एप्रिल

युक्ती सापडली. पॅकेजरमध्ये "काढताना" म्हणून एक पान आहे, त्यात चौकट आहे: फोल्डरसकट सगळं पुसा. तिथं टिक केली. आता चाचणी झाली की प्रोग्रॅम काढायचा, मशीन लख्ख. दुपारपर्यंत सगळं नीट बसलं.

शेवटचा सेटअप बनवताना ही टिक काढायची. लक्षात ठेव! यादी त्याच फोल्डरमध्ये असते, आणि तिची रोजची नक्कलही मी तिथंच ठेवलीय.

दिवसभर कुणावर ओरडलो नाही. करुणानं संध्याकाळी न मागता चहा दिला.

४ एप्रिल

हे लिहीन, पण सांगणार नाही.

ऑफिसातून येताना मुकुंदवाडीच्या सिग्नलला रिक्षावाला आडवा घुसला. बाइकचा आरसा गेला. मी थांबवलं तर म्हणतो, "क्या देखरा बे, रोड तेरे बाप का है क्या?" मला पुढचं सलग आठवत नाही. त्याची कॉलर माझ्या हातात होती. त्याचं डोकं मी रिक्षाच्या टपाच्या दांड्यावर आपटलं. दोनदा. दुसऱ्यांदा तर तो काही बोलतही नव्हता. भुवईतून रक्त आलं. माझ्या वयाचाच असेल. लोक धावले तसा मी बाइक काढून पळालो.

आणि वाईट सांगू? छातीत मोकळं वाटलं.

उजव्या हाताची बोटं सुजली. करुणाला सांगितलं, ऑफिसच्या दारात सापडली. तिनं हळद लावली. तिच्या तोंडाकडे बघवेना म्हणून उठून कॉम्प्युटरपुढं बसलो, डाव्या हातानं "बनवा" दाबलं आणि सेटअप आकाशला पाठवून दिला. संपलं एकदाचं.

६ एप्रिल

आकाशचा फोन. "दाजी, बसलं बगा. जुनी नावं बी आली सगळी. लई भारी झालंय." जुन्यावर नवीन टाकलं, काही अडचण नाही. करुणाला सांगितलं तर ती भावाच्या कौतुकानं हसली. माझ्याही असेल थोडं.

१४ एप्रिल

सोयगावला तीनशे बारा नवीन नावं! यादी एकोणीसशेवर गेली. आकाशनं निळा फेटा बांधलेला फोटो पाठवला, पुढ्यात कॉम्प्युटर. इथं विहारात श्रेयानं भाषण केलं, अडखळली नाही.

कुणाला मारलं नाही, मारावंसंही वाटलं नाही.

१९ एप्रिल

मंडळाच्या अध्यक्षांना, राजेंद्रभाऊंना, पहिल्या खिडकीत स्वतःचा फोटो हवाय. प्रोग्रॅम उघडला की आधी भाऊ दिसले पाहिजेत. फोन ठेवल्यावर टेबलाला लाथ घातली, अंगठ्याचं नख काळं पडलं. रक्त देणारे राहिले बाजूला, ह्यांचं थोबाड बघायचं लोकांनी!

पॅकेजर उघडला, फोटो ओढून टाकला, "बनवा". चार मिनिटं. दुसरं काही उघडून बघायच्या मनःस्थितीत नव्हतो.

२२ एप्रिल, मंगळवार

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी एकला आकाशचा फोन आला. मी मीटिंगमध्ये, साहेब सगळ्यांसमोर माझी हजामत करत होता. बाहेर येऊन घेतला. "दाजी, नवीन टाकायच्या आधी जुनं काढून टाकू व्हय? यादीला काय व्हनार नाय ना?" मी म्हटलं, "काढ ना! एकदा सांगून समजत नाही का तुला? काही होत नाही." तो म्हणाला, "तसं नाय दाजी, हितं इचारतंय की..." मी फोन कापला. साहेबाचा राग त्याच्यावर काढला, तो ऐकून घेतो म्हणून.

पाचला फोन बघितला. अकरा मिस्ड कॉल. सगळे आकाशचे.

त्यानं जुनं काढलं, नवीन टाकलं, उघडलं तर भाऊंचा फोटो आणि खाली यादी कोरी. एकोणीसशे नावं गेली. तो ते उलटंपालटं करत बसला असतानाच दवाखान्यातून सिस्टर सुलेखा धावत आली. रत्नमाला म्हणून तेवीस वर्षांची बाई, बाळंत झाली, रक्तस्राव थांबेना. ओ निगेटिव्ह पाहिजे. रक्तपेढीत नाही. यादीत त्या गटाची चौदा माणसं होती. आकाशला त्यातली तीन तोंडपाठ, एकाचाही नंबर पाठ नाही. तो मोटारसायकलवर घरं शोधत फिरला. माणूस मिळून रक्तपेढीपर्यंत पोचेतो अडीच तास गेले.

बाई वाचली. पोरगी पण. गर्भाची पिशवी काढावी लागली.

तिचा नवरा कृष्णा आणि दोन जण मंडळाच्या खोलीत घुसले. कॉम्प्युटर उचलून आपटला. आकाशला खुर्चीनं मारलं, पाठीत आणि मांडीवर. बाईची सासू कडूबाई दारात उभी राहून म्हणत होती, "यादी करतो म्हनून फोटू काढून घेतल्यात, मारा त्याला." शेवटी सुलेखानं मधे पडून सोडवला.

हे सगळं मला त्यानंच सांगितलं, श्वास लागत होता त्याला. आणि मग म्हणाला, "दाजी, तुमच्या सेटअपनं गेली यादी."

माझ्या सेटअपनं! स्वतः कुठंतरी बोट घातलं असणार आणि माझ्यावर ढकलतो. वहीत लिहितोय, अट पाळतोय. पण पेन कागदातून आरपार गेलं.

२३ एप्रिल, बुधवार

लिहून काही होत नाही. सकाळी सहाला बाइक काढली. करुणाला म्हटलं, आकाशला बघून येतो, दुसरा कॉम्प्युटर लावून देतो. तिनं त्याच्यासाठी धपाटे बांधून दिले.

सिल्लोडपासून पुढं रस्ताभर मनात त्यालाच मारत होतो. अजिंठ्याचा घाट उतरेपर्यंत मारून झालं होतं, आता जाऊन समजुतीनं बोलू, असंही वाटलं.

तो दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसला होता. उठून उभा राहिला, लंगडत. "जयभीम दाजी. पानी पिता का?" मी विचारलं, काय काय दाबलंस? तो म्हणाला, "तुमी सांगितलं तेच." परत विचारलं. परत तेच. आवाजात चढ नाही, उद्धटपणा नाही. तेच सहन झालं नाही मला.

डाव्या कानाखाली मारली, पूर्ण हात मागं नेऊन. तो खाली पडला. मग लाथा. आदल्या दिवशी मार बसलेल्या मांडीवरच, माहीत असून. "माझ्या कामाला नावं ठेवतो," हे मी ओरडत होतो, दहा-वीस माणसांसमोर. त्यानं एकदाही हात वर केला नाही, नुसतं डोकं झाकून घेतलं. सुलेखानं येऊन मला ढकललं. म्हणाली, "कालचे लोक बरे होते, त्यांचं मानूस तरी आत पडलं व्हतं."

धपाटे डिकीतच राहिले. येताना फुलंब्रीजवळ कुत्र्यांना घातले.

२४ एप्रिल

करुणाला काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

२६ एप्रिल

आकाशच्या डाव्या कानाचा पडदा फाटलाय. तो करुणाशी फोनवर बोलत होता, मी भिंतीआड उभा होतो. स्पीकर चालू होता. "त्या लोकांनीच मारलं गं ताई. दाजी आले व्हते, कॉम्प्युटर बघून गेले. लई काळजी करत व्हते."

ती म्हणाली, "बरं."

वाचलो. खरं तेच लिहायचं ठरलंय, तर खरं हे की पहिला विचार हाच आला. भाजी चिरताना तिचा सुरीचा आवाज नेहमीसारखाच येत होता.

२९ एप्रिल

नवीन सेटअप बनवायला बसलो. आकाश पुन्हा गावोगाव फिरून नावं गोळा करतोय, कागदावर. शिबिराचे अर्ज त्यानं रद्दीत दिले होते, कॉम्प्युटरमध्ये भरलंय म्हणून. मी म्हटलं, ह्या वेळी पॅकेजरचं एकेक पान नीट तपासू, म्हणजे ह्या गाढवानं काहीही दाबलं तरी बिघडायला नको.

पहिलं पान ठीक. दुसरं ठीक. तिसरं, "काढताना".

फोल्डरसकट सगळं पुसा. टिक.

मी ती चौकट बघत बसलो. मग ही वही उघडली, तीन एप्रिलचं पान. माझंच अक्षर. लक्षात ठेव! खालच्याच पानावर रिक्षावाला. सुजलेला हात, डावा हात, "बनवा".

डोकं टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा श्रेया येईल म्हणून थांबलो. हे दोन्ही हात दगडी पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचावेत असं वाटतंय. चार एप्रिलला रिक्षावाल्याला सोडून दिलं असतं तर शांत डोक्यानं बसलो असतो. टिक काढली असती. त्या बाईची पिशवी राहिली असती. आकाशचा कान राहिला असता.

त्याला फोन लावला. म्हणाला, "थांबा, ह्या बाजूनं धरतो." सांगितलं सगळं. मला वाटलं, शिव्या देईल. दे म्हटलं शिव्या.

"मला ठाव हाय दाजी. काढताना खिडकी आली व्हती ना. फोल्डरसकट काढायचं का, असं इचारत व्हती. म्हनून तर तुमाला फोन केला व्हता."

मग त्या दिवशी आवारात बोलला का नाहीस? मार खात का राहिलास?

"बोललो असतो तर तुमी अजून भडकला असता. आन ताईला कळलं असतं. श्रेया लहान हाय."

फोन मीच ठेवला.

३० एप्रिल

मंडळाला फोन करून सांगितलं, चूक माझी होती, आकाशची नाही. भाऊ म्हणाले, "जाऊ द्या, होतं असं." मी म्हटलं, असं होत नाही, मी केलंय. कृष्णाचा नंबर मागितला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कुठं राहता तुमी? येतो." पत्ता दिला. येऊ दे.

करुणाचं राहिलंय. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. तिथंच जानेवारीत...

उद्या.

१ मे

सांगितलं. टिक, रिक्षावाला, कान, लाथा, धपाटे. वहीतलं सगळं, क्रमानं. ती गॅस बंद करून ऐकत होती.

"टिकेचं मला माहीत नव्हतं," म्हणाली. "कानाचं माहीत होतं. सुलेखानं त्याच दुपारी फोन केला होता."

मग पलंगाखालून बॅग ओढली. भरलेली होती, वर श्रेयाच्या शाळेच्या वह्या. "त्याच बुधवारपासून भरून ठेवलीय. तुम्ही सांगता का, तेवढं बघायचं होतं."

मी म्हटलं, सांगितलं ना मी. स्वतःहून सांगितलं.

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच सांगून चाललेय."