चार बोटं बिनदोऱ्याची

आई,

अक्षरं मुद्दाम मोठी काढलीत. तुझी नवी वाकळ न विचारता कॅमेऱ्याच्या दुकानात नेली होती, तुझ्या गोधड्यांचे फोटो काढायला कॅमेरा घ्यायचाय, तर टाके कुठल्या कॅमेऱ्यात नीट दिसतात ते बघायला. तिसऱ्यात ते ज्वारीच्या पेरणीसारखे दिसले, आणि मी त्या रानातनं लई वेळ चालतच राहिले. पार शेवटच्या कोपऱ्यात चार बोटं नुसती सुईची भोकं होती. दोरा सुईतनं निसटला आणि तू तशीच शिवत गेलीस की गं! वर म्हणतीस, लाईटच कमी हाय.

कॅमेरा हाच घ्यायचा. पण आधी डोळ्याच्या दवाखान्यात तुझा नंबर लावायला गेलेय. ती चार बोटं भरू नकोस. पहिला फोटो तिथलाच काढीन, आणि दोरा कुठं सुटला ते तू मला बोट ठेवून दाखवायचं.

कीर्ती