गोधडी कोणी घातली

१७ मे, शनि.
हे भर उन्हात मोटारसायकलवर पिंपळगाव रेणुकाईला लग्नाला गेले. खिशात कांदा दिला होता, ऊन लागू नये म्हणून. साडेतीनला परत. अंग तव्यासारखं, पण कोरडं ठक्क. काहीबाही बडबडत होते. ताप आला की पांघरूण घालायचं, घाम फुटला की ताप उतरतो, माहेरी हेच पाहिलेलं. तापाची गोळी दिली, जाड गोधडी घातली, पंखासुद्धा बंद केला. सासूबाई म्हणत होत्या, "अगं, ऊन लागलंय त्याला. वल्लं फडकं गुंडाळ." मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं.
पाच वाजता अंगाला झटके आले.

१८ मे
दवाखान्यात. कालपासून अंगावर गार पाणी, वर पंखे. डॉक्टर म्हणाले, शरीर घामानेच थंड होतं, उन्हाने तेच बंद पडलं होतं. असा ताप गोळीने उतरत नाही. पांघरुणाने उष्णता आत कोंडली. "कोणी घातलं पांघरूण?"
सा.बाई म्हणाल्या, "म्या घातलं, साहेब. अडाणी बाई, न्हाई कळलं."
मी खाली बघत राहिले. लाज वाटते स्वतःची.

२१ मे
शुद्धीवर आले. जीभ जड. हात इतका थरथरतो की चहाचा कप धरवत नाही. शिलाईचं दुकान यांचं. सुईत दोरा कसा

२६ मे
काल घरी आणलं. यांना कोणीतरी सांगितलंच, गोधडी आईने घातली म्हणून. सा.बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला तर तोंड फिरवलं. "मायच मला मारून राह्यली व्हती."
मी चुलीपाशी सा.बाईंना म्हटलं, आज सांगते त्यांना.
"गप बस. मायवरचा राग आज ना उद्या जातो. बायकोवरचा न्हाई जात. मंग त्याचं कोण करील?"


३० मे
दुपारी यांच्या कपाळावर घाम आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. पुसायला गेले तर हात धरला. "तू व्हतीस म्हणून वाचलो."
सा.बाई दारात ज्वारी पाखडत होत्या. मान वर केली नाही. मी म्हटलं, "ऐका, एक सांगायचंय." त्यांनी सूप धाडकन आपटलं.
पाणी आणते म्हणून आत आले, ती हे लिहीत बसलेय. तांब्या भरलेला आहे. यांच्या दोन हाका मारून झाल्या.